शिंगाचे मीठ आणि नाताळची बिस्किटे

जर्मनी व स्वीडन या देशांत नाताळच्या बिस्किटांच्या कृती घराघरांतून पिढ्यान्‌पिढ्या जपल्या जातात. त्यांपैकी पुष्कळ कृतींत ‘हरणाच्या शिंगाचे मीठ’ घालण्यास सांगितलेले असते. पूर्वी हा पदार्थ खरोखरच शिंगे बंद पात्रात तापवून मिळवीत. आता तो कारखान्यात तयार होतो. अमोनियम बायकार्बोनेट हा त्याचा मुख्य घटक होय.

सुमारे ६०° सेल्सिअस तापमानास त्याचे झपाट्याने विघटन होऊन अमोनिया, कार्बन डाय-ऑक्साइड व पाण्याची वाफ निर्माण होते. त्यांच्या योगाने पीठ फुगते. मागे क्षार मुळीच उरत नाही. खाण्याच्या सोड्याचे तसे नाही. त्याच्या जोडीला पुरेसा आंबट पदार्थ नसल्यास साबणासारखी चव राहते.

मग हे मीठ केकमध्ये का घालीत नाहीत? पातळ बिस्कीट भट्टीत वाळते व अमोनिया निघून जातो. जाड, ओलसर केकमध्ये मात्र तो पाण्यात विरघळून राहतो आणि उग्र दर्प येतो. म्हणून अशा कृतीत पीठ पातळ लाटण्याचा दंडक केवळ आवडीचा नव्हे. तो मोडल्यास सणाचा पदार्थ वाया जातो. याच कारणास्तव कच्चे पीठ चाखू नये.