रोग्याची खोली आणि फॉर्मॅलिनचा दिवा

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस युरोप-अमेरिकेतील अनेक शहरांत एखाद्या घरी घटसर्पाने किंवा लोहितांग ज्वराने आजारी असलेले मूल बरे झाले, अथवा दगावले, की आरोग्य खात्याचा कर्मचारी त्या घरी येत असे. त्याच्याजवळ कागदाच्या पट्ट्या, खळीचे भांडे आणि धातूचे एक उपकरण असे. खिडक्यांच्या फटी आणि धुराड्याचे तोंड पट्ट्यांनी बंद करून, उपकरण पेटवून तो बाहेर पडे आणि दाराच्या फटीही बुजवी. काही तासांनी दार उघडले म्हणजे डोळ्यांना झोंबणारी वाफ बाहेर येई. या उग्र वासावरून खोली शुद्ध झाल्याची घरच्या माणसांची खात्री पटत असे.

वासावरील हा विश्वास जंतुशास्त्राहून पुष्कळ जुना आहे. दुर्गंधीयुक्त, दूषित हवेतून रोग उद्‌भवतात, अशी समजूत शतकानुशतके रूढ होती. तेव्हा दुर्गंधी नाहीशी केली म्हणजे रोगही नाहीसा होईल, हे ओघानेच आले. फ्रेंच रसायनज्ञ गितों द मोर्व्हो यांनी १७७३ मध्ये दिजों शहरातील एका चर्चमध्ये हा प्रयोग केला. तेथे पुरलेल्या प्रेतांमुळे आत उभे राहणे अशक्य झाले होते. त्यांनी मिठावर गंधकाम्ल ओतून निर्माण होणारा आम्लवायू बंद इमारतीत सोडला आणि दुर्गंधी नाहीशी झाली. पुढे त्यांनी क्लोरीन वायूचा पुरस्कार केला. त्यासाठी जाड काचेचे एक पात्र लाकडी चौकटीत बसविलेले असे. वरचे झाकण स्क्रूने किंचित सैल केले की वायू निसटे आणि पुन्हा आवळले की थांबे. इंग्लंडमध्ये जेम्स कारमायकेल स्मिथ यांनी तुरुंगातील ज्वरासाठी नायट्रिक आम्लाच्या वाफा वापरल्या व त्याबद्दल पार्लमेंटने १८०२ मध्ये त्यांना ५,००० पौंडांचे पारितोषिक दिले. या शोधाचा मान कोणाचा, याविषयी पुढे बराच वादही झाला.

सामान्य लोकांना परवडणारे साधन म्हणजे गंधक. पाणी भरलेल्या घमेल्यात लोखंडी भांडे ठेवून त्यात गंधक जाळीत. पाण्यामुळे आगीचा धोका टळे आणि वायूला आवश्यक तो ओलावाही मिळे. १,००० घनफूट जागेस ३ पौंड गंधक, असे प्रमाण पुष्कळदा सांगितले जाई. या धुराने पडद्यांचे रंग उडत आणि धातूच्या वस्तू काळवंडत. तथापि रॉबर्ट कॉख यांनी १८८१ मध्ये निरनिराळ्या जंतुनाशकांची पद्धतशीर परीक्षा घेतली, तेव्हा जिवाणूंच्या बीजाणूंवर गंधकाच्या धुराचा भरवसा धरता येत नाही, असे दिसून आले. वासाची तीव्रता आणि जंतुनाशक शक्ती या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे प्रयोगाने सिद्ध झाले. लोकांच्या मनातून मात्र गंधक इतक्या लवकर गेले नाही.

गंधकाची जागा फॉर्माल्डिहाइड वायूने घेतली. ऑगस्ट हॉफमन यांनी १८६० नंतरच्या दशकात मेथिल अल्कोहॉलची वाफ व हवा तप्त प्लॅटिनमवरून नेऊन हा वायू मिळविला होता. जंतुनाशक म्हणून त्याची ख्याती झाली, तेव्हा याच तत्त्वावर दिवे बनविण्यात आले. त्यांत मेथिल अल्कोहॉल ज्योतीने जळत नसे. वातीवरील प्लॅटिनमची जाळी नुसती धगधगत राही आणि तिच्या संपर्काने वाफेचे फॉर्माल्डिहाइडमध्ये रूपांतर होई. दुसऱ्या प्रकारच्या दिव्यात स्पिरिटच्या ज्योतीवर सच्छिद्र पात्र असे व त्यात पॅराफॉर्माल्डिहाइडच्या वड्या ठेवीत. फ्रान्समध्ये ओग्यूस्त त्रिया यांनी दाबाचे पात्र तयार केले. त्यात तापविलेल्या फॉर्मॅलिनची वाफ एका बारीक नळीने कुलपाच्या छिद्रातून खोलीत सोडली जाई, त्यामुळे चालकाला आत जावे लागत नसे. विसाव्या शतकाच्या आरंभी यांहूनही सोपी रीत प्रचारात आली. बादलीत पोटॅशियम परमँगनेटचे स्फटिक ठेवून त्यांवर फॉर्मॅलिन ओतले की रासायनिक क्रियेच्या उष्णतेनेच मिश्रण उकळून वाफा निघत. दिव्याची गरजच उरली नाही.

हा वायू प्रभावी असला, तरी लहरी होता. हवा कोरडी किंवा थंड असली की त्याचे काम नीट होत नसे. थंडीत त्याचे रेणू परस्परांस जोडले जाऊन भिंतींवर पांढरी भुकटी जमे. गाद्या, उशा व कपड्यांच्या ढिगाऱ्यात तो खोलवर शिरत नसे. काम संपल्यावर वास घालविण्यासाठी अमोनिया सोडावा लागे.

शस्त्रक्रियागृहात एका वेगळ्या उपकरणाने असाच अनुभव दिला. जोसेफ लिस्टर यांनी १८७१ च्या सुमारास कार्बॉलिक आम्लाचा फवारा वापरण्यास आरंभ केला. हवेतील जंतू जखमेत पडू नयेत, हा त्यामागील हेतू होता. प्रथम हातपंप व नंतर वाफेचे यंत्र त्यासाठी आले. शल्यवैद्य व रोगी दोघेही त्या धुक्यात भिजून जात. परंतु जखमेला खरा धोका हात, हत्यारे आणि पट्ट्या यांपासून असतो, हे क्रमाने स्पष्ट झाले. १८९० मध्ये बर्लिन येथील वैद्यक परिषदेत लिस्टर यांनी या फवाऱ्याचा आपण पुरस्कार केला, याची लाज वाटते, असे जाहीरपणे सांगितले. अशी कबुली देणारे शास्त्रज्ञ विरळाच.

दिव्याची खरी परीक्षा अमेरिकेतील प्रॉव्हिडन्स शहरात झाली, आणि ती दिवा विझवून झाली. तेथील आरोग्याधिकारी चार्ल्स चेपिन यांनी १९०५ मध्ये घटसर्पानंतर आणि काही वर्षांनी लोहितांग ज्वरानंतरही खोल्यांचे धूमन बंद केले. त्यामुळे रोग वाढला नाही. संसर्ग भिंतींतून नव्हे, तर माणसाकडून माणसाकडे जातो. वरवर निरोगी दिसणाऱ्या व्यक्तीच्या घशातही जंतू असू शकतात, असे त्यांचे प्रतिपादन होते. म्हणजे दिवा जंतू मारीत होता, पण रोग फैलावणारे मूल तोवर अंगणात खेळत असे.

या भ्रमाची जबर किंमत मुंबईने मोजली. १८९६ मध्ये तेथे प्लेग उद्‌भवला, तेव्हा घरांत पंपांनी जंतुनाशक द्रावणाचे लोट सोडण्यात आले, भिंतींना चुना दिला गेला, सामानसुमान जाळले गेले. पुण्यात १८९७ मध्ये घरझडत्यांमुळे लोकांत तीव्र असंतोष पसरला. पोल-लुई सिमों यांनी १८९८ मध्ये कराचीत उंदरांवरील पिसवांमुळे प्लेग पसरतो, याचा प्रायोगिक पुरावा मिळविला; तो सर्वमान्य होण्यास आणखी काही वर्षे लागली. तोवर भिंती धुतल्या जात होत्या. गंमत अशी की, जंतुनाशक म्हणून मागे पडलेला गंधकाचा धूर उंदीर व पिसवा मारण्यास उपयोगी पडत असे आणि बंदरातील जहाजांवर तो पुढेही वापरला गेला.

भारतातील शस्त्रक्रियागृहांत फॉर्मॅलिन व परमँगनेटची रीत विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातही प्रचलित होती. फॉर्माल्डिहाइडमुळे मनुष्याला कर्करोग होऊ शकतो, असा निर्णय आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये दिल्यावर तिच्याकडे अधिक सावधपणे पाहिले जाऊ लागले. काही रुग्णालयांत आता हायड्रोजन पेरॉक्साइडची वाफ सोडणारी यंत्रे वापरतात. खोलीच्या फटी आजही चिकटपट्टीने बुजवाव्या लागतात. मात्र यंत्र सुरू करण्यापूर्वी जिवाणूंचे बीजाणू लावलेल्या पट्ट्या खोलीच्या कानाकोपऱ्यांत ठेवता येतात. नंतर त्या उबवणपेटीत ठेवून वाढ होते किंवा नाही, हे पाहिले जाते.