गुन्ह्यातील पीडितांना नुकसानभरपाई : अर्ज कोठे व कसा करावा?

सोलापूर : समजा, एखाद्या यंत्रमाग कामगाराची हत्या झाली. मारेकरी सापडला नाही. मागे विडी वळून उदरनिर्वाह करणारी पत्नी व शाळकरी मुले उरली. 'आरोपीच सापडला नाही, मग भरपाई कोण देणार?' असे म्हणून अशी कुटुंबे बहुधा स्वस्थ बसतात. वस्तुतः ही समजूत चुकीची आहे.

न्यायालय आरोपीला दोषी ठरवून दंड ठोठावते, तेव्हा त्या दंडातून पीडिताला रक्कम देण्याचा आदेश देऊ शकते. परंतु आरोपी निर्धन असला, निर्दोष सुटला किंवा सापडलाच नाही, तर पीडिताच्या हाती काहीच उरत नसे. ही उणीव दूर करण्यासाठी फौजदारी प्रक्रिया संहितेत कलम ३५७-अ समाविष्ट करण्यात आले व ते ३१ डिसेंबर २००९ पासून अमलात आले. १ जुलै २०२४ पासून हीच तरतूद भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३९६ मध्ये आहे. तिच्यानुसार भरपाईचा निधी राज्य शासन उभारते. महाराष्ट्राची पीडित नुकसानभरपाई योजना २०१४ सालची आहे.

भरपाईची रक्कम जिल्हा विधी सेवा प्राधिकरण ठरवते. जिल्हा न्यायाधीश त्याचे अध्यक्ष असतात. खटला चालल्यास न्यायालय स्वतः शिफारस करते. आरोपी निर्दोष सुटला तरी पीडिताच्या पुनर्वसनासाठी तशी शिफारस करता येते. आरोपीचा शोध न लागल्याने खटलाच उभा राहिला नाही, तर पीडित किंवा त्याच्यावर अवलंबून असलेले नातलग थेट अर्ज करू शकतात. प्राधिकरणाने चौकशी दोन महिन्यांत पूर्ण करावी, असे कायदा सांगतो. तातडीच्या प्रसंगी पोलीस ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्याच्या किंवा दंडाधिकाऱ्यांच्या दाखल्यावरून मोफत प्रथमोपचार व अंतरिम साहाय्यही मिळू शकते.

बलात्कार, बालकांवरील लैंगिक अत्याचार व ॲसिड हल्ला यांतील पीडितांसाठी राज्यात ऑक्टोबर २०१३ पासून 'मनोधैर्य योजना' आहे. आरंभी तिची कमाल मर्यादा ३ लाख रुपये होती. २०१७ साली ती १० लाख रुपये करण्यात आली. अशा पीडितांवर तत्काळ मोफत उपचार करणे शासकीय व खाजगी अशा सर्व रुग्णालयांना बंधनकारक आहे.

अर्जासोबत एफआयआरची प्रत, वैद्यकीय अहवाल किंवा मृत्यूचा दाखला, ओळखपत्र व बँक खात्याचा तपशील जोडावा. सोलापूर शहरातील नागरिकांनी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जावे. बार्शी, पंढरपूर, अक्कलकोट आदी तालुक्यांतील नागरिकांना तालुका विधी सेवा समितीकडे मार्गदर्शन मिळते. १५१०० या क्रमांकावर विनामूल्य सल्ला उपलब्ध आहे. स्त्रिया व बालकांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो.

शोमरोनी माणसाने जखमी वाटसरूच्या जखमा बांधल्या आणि धर्मशाळेचा खर्चही स्वतः दिला. आपल्या धर्मग्रामात असा आघात झालेले कुटुंब असेल, तर सांत्वनाच्या भेटीबरोबरच त्याला अर्ज भरण्यास साहाय्य करावे व कार्यालयापर्यंत सोबत जावे.