गोदावरीचें वरचें अंग आणि खालचें अंग

स्नानसमयीं ज्या सात नद्यांचें स्मरण करण्याचा प्रघात आहे, त्यांत गोदावरीचें नांव तिसरें येतें. संकल्प सोडतांना आपण तिच्या दक्षिण तीरावर आहोंत कीं उत्तर तीरावर, हेंही उच्चारलें जातें. परंतु आपण तिच्या वरच्या अंगास आहोंत कीं खालच्या, याचा विचार क्वचितच होतो. आमच्या मतें आज तोच अधिक अगत्याचा आहे.

त्र्यंबकेश्वराजवळ ब्रह्मगिरीवर गोदावरी उगम पावते. तेथून पश्चिम समुद्र अवघा सुमारें ८० किलोमीटर. तथापि ती १४६५ किलोमीटर चालून बंगालच्या उपसागरास मिळते. सह्याद्रीचा कडा पश्चिमेस एकदम तुटलेला असून दख्खनचें पठार पूर्वेकडे हळूहळू उतरत गेलें आहे, हें त्याचें कारण.

नाशिक सोडल्यावर ती पर्जन्यछायेच्या प्रदेशांत शिरते. सातवाहनांचें प्रतिष्ठान व एकनाथांचें गांव जें पैठण, तेथें १९७६ सालीं पुरें झालेलें जायकवाडीचें धरण आहे. गंगाखेड व नांदेड मागें टाकून ती तेलंगणांत जाते. कंदकुर्तीस तिला मांजरा मिळते आणि सिरोंचाजवळ प्राणहिता. वर्धा, वैनगंगा व पैनगंगा यांचें पाणी आणणाऱ्या या एका नदीचें खोरें गोदावरीच्या एकंदर खोऱ्याचा सुमारें तृतीयांश भरतें. पुढें इंद्रावती व शबरी येतात. म्हणजे पैठणास आपण पाहतों ती गोदावरी त्या मानानें कृशच होय. तिला महानदीचें रूप येतें तें विदर्भ, बस्तर व ओडिशा येथील पाण्यानें.

पूर्व घाट भेदून ती राजमहेंद्रीस पोंचते. जवळच धवळेश्वर येथें आर्थर कॉटन यांच्या देखरेखीखालीं बांधलेला बंधारा १८५२ सालीं पुरा झाला. त्याखालीं गौतमी व वसिष्ठा अशा मुख्य शाखा फुटून, भाताच्या शेतांनीं भरलेल्या त्रिभुज प्रदेशांतून ती समुद्रास मिळते. ही भूमि नदीनें आणलेल्या गाळाचीच घडलेली आहे. वरच्या धरणांत गाळ अडला म्हणजे मुखाशीं तो कमी पोंचतो, आणि समुद्र कांहीं ठिकाणीं किनारा गिळूं लागतो.

तोच प्रश्न आपल्या घराजवळही आहे. अवर्षणाच्या वर्षीं नाशिक व अहिल्यानगर जिल्ह्यांतील धरणांचें पाणी जायकवाडीस सोडावें कीं नाहीं, यावरून तंटे माजतात. वरच्या शेतकऱ्याचें पीकही खरें आणि मराठवाड्याची तहानही खरी. २००५ सालच्या कायद्यानें महाराष्ट्रांत समन्यायी पाणीवाटपाचें तत्त्व स्वीकारलें आहे. पण तें मनांत रुजल्यावांचून कागदावरच राहणार. आणि जो आज खालचा म्हणून गाऱ्हाणें करतो, तोही दुसऱ्या कोणाचा वरचा असतोच. पैठणच्या खालीं नांदेड आहे, नांदेडच्या खालीं तेलंगण.

पंगतींत वाढणारा शेवटचें पान ध्यानांत ठेवूनच पहिल्या पानावर वाढतो. नदीकांठीं बसलेल्यांनीं हा घरचाच धडा विसरूं नये, एवढेंच आमचें सांगणें आहे.