हाय-हॅटच्या शेजारून

नव्वदच्या दशकात मुंबई-पुण्यातल्या वाद्यवृंदाचं बजेट कमी पडलं की पहिली कात्री बेस गिटारवाल्यावर चालायची. ढोलकी काढता येत नसे, ऑक्टोपॅड हे तर त्या काळचं आकर्षणच, आणि गायक-गायिकांशिवाय तिकीट कोण घेणार? उरायचा तो कोपऱ्यातला, चार जाड तारा घेऊन उभा असलेला माणूस. कीबोर्डवाला म्हणायचा, ‘डाव्या हाताने मी देतो ना खालचे सूर!’ आणि द्यायचाही. कॅसिओ-यामाहाच्या कीबोर्डवर तर एक बोट दाबलं की ताल, कॉर्ड आणि बेस तिन्ही आपोआप सुरू व्हायचं. संयोजकाचं एक मानधन वाचायचं, टेम्पोत एक जागा मोकळी व्हायची. प्रेक्षकांपैकी कुणी त्याबद्दल तक्रार केल्याचं माझ्या तरी ऐकिवात नाही.

त्यामुळे आमच्या वेळी बेस धरून राहिले ते बहुतेक हौशी. आठवडाभर बँक, विमा कंपनी किंवा कारखाना आणि रविवारी कुणाच्या तरी गच्चीवरच्या खोलीत सराव. कार्यक्रम म्हणजे कंपनीचं स्नेहसंमेलन, सोसायटीचा गणपती, जिमखान्यातली एकतीस डिसेंबरची रात्र, ड्रमरच्या मावसबहिणीची हळद. यातले निम्मे बेसवाले मुळात गिटारवालेच. बँडमध्ये तीन गिटारवाले जमले की सगळ्यात कमी भांडणाऱ्याच्या गळ्यात बेस पडतो. 1961 मध्ये स्टुअर्ट सटक्लिफ बीटल्समधून बाहेर पडला तेव्हा पॉल मॅकार्टनीकडे बेस आला तोही असाच, दुसरं कुणी घ्यायला तयार नव्हतं म्हणून.

वाद्य आपल्याकडे नवखं होतं असं मुळीच नाही. लिओ फेंडरने प्रिसिजन बेस 1951 मध्ये बाजारात आणला आणि पुढच्या दोन दशकांत तो मुंबईच्या रेकॉर्डिंग स्टुडिओत रुळला. पंचमच्या गाण्यांत टोनी वाझ यांचा बेस ऐकला नाही असा चित्रपटसंगीताचा श्रोता सापडायचा नाही, फक्त त्याला ते नाव ठाऊक नसतं. दुसरे चरणजित सिंग. हेही स्टुडिओत बेस गिटार वाजवायचे. 1982 मध्ये त्यांनी सिंथेसायझरवर दहा रागांची एक रेकॉर्ड काढली. ती तेव्हा फारशी कुणी विकत घेतली नाही आणि जवळपास तीस वर्षांनी युरोपातल्या डिस्को-टेक्नोवाल्यांनी डोक्यावर घेतली. तिच्यात त्यांनी वापरलेलं एक यंत्र म्हणजे रोलंडचं टीबी-303. ते बनवलं होतं कशासाठी? एकट्या गिटारवाल्याला बेसवाल्याशिवाय सराव करता यावा म्हणून! बेसवाल्याला सुट्टी देणारं यंत्र एका बेसवाल्यानेच इतकं कामाला लावावं, याची मला अजून गंमत वाटते.

आम्हाला मात्र साध्या तारा मिळवतानाच नाकी नऊ यायचे. धोबीतलावला जेर महालमधल्या फुर्ताडोजमध्ये जायचं, काचेआडच्या परदेशी तारांची किंमत विचारायची आणि गिटारची दोन पिकं घेऊन परत यायचं. मग घरी तारा उकळायच्या. हा उद्योग आता कुणी करत नसेल, म्हणून सांगतो. चारही तारा काढून सैल गुंडाळायच्या, जुन्या पातेल्यात पाणी उकळून त्यात दहा-एक मिनिटं सोडायच्या. वेटोळ्यांत बसलेला घाम, मळ, मेण असं सगळं सुटून पाण्यावर करडा तवंग यायचा. तारा बाहेर काढून खडखडीत कोरड्या केल्या की दोन-तीन कार्यक्रमांपुरता खणखणीतपणा परत यायचा. पातेलं मात्र पुन्हा स्वयंपाकात घ्यायची सोय नव्हती.

गाणी बसवायची ती कॅसेटवरून, कानाने. त्यात प्रत्येक टेपरेकॉर्डरचा वेग वेगळा, म्हणून गाणं धड कुठल्याच पट्टीत नसायचं. आधी बेसच्या तारा टेपरेकॉर्डरला जुळवायच्या, गाणं उतरवायचं आणि मग पुन्हा कीबोर्डला जुळवायच्या. खालचे सूर छोट्या स्पीकरमधून ऐकूच येत नसत. मग टेपरेकॉर्डर लाकडी कपाटावर ठेवून कपाटाला कान लावायचा. मोबाइलवर गाणं ऐकून ‘यात बेस नाहीच आहे’ म्हणणाऱ्या आजच्या मुलांचं दुखणंही तेच आहे. मोबाइलच्या इवल्याशा स्पीकरला ते सूर झेपतच नाहीत. हेडफोन लावा म्हणजे माणूस सापडेल.

रहमानच्या कॅसेटांवर वादकांची नावं छापून येऊ लागली तेव्हा आम्ही आधी बेसवाल्याचं नाव शोधायचो. कीथ पीटर्स हे नाव आमच्यातल्या अनेकांना तिथेच कळलं. हल्ली सराव बघायला येणाऱ्या मुली मोहिनी डेचं नाव घेतात. मुंबईची ही मुलगी जगभर वाजवते आणि तिचे वडीलही बेसवादक.

या सगळ्या काळात हौशी बेसवाल्याला खरं पाणी पाजलं ते गायकांच्या पट्ट्यांनी. आपल्याकडे गायिका येऊन सांगते, ‘माझी काळी दोन.’ गिटारवाला क्लिप लावून मोकळा होतो, कीबोर्डवाला बटण दाबून पट्टी सरकवतो. बेसवाल्याला मात्र मोकळ्या तारांचा आधार एकदम जातो. चार तारांच्या बेसवर सगळ्यात खालचा सूर ई, म्हणजे पांढरी तीन. काळी दोन त्याच्या अर्ध्या सुराने खाली. ती तारेवर नाहीच, म्हणून एक सप्तक वर, ए तारेच्या सहाव्या पडद्यावर जावं लागतं आणि गाण्याचं बूड हलकं होतं. पाच तारांचे बेस परवडायला लागले तेव्हा त्यांचं आमच्याकडे जे स्वागत झालं, ते हेवी मेटलमुळे कमी आणि काळी दोनमुळे जास्त. नव्याने बेस घेणाऱ्याने यावरून ठरवावं. बँडमध्ये दोन-तीन गायिका असतील तर सरळ पाच तारांचा घ्यावा. नुसतं रॉक वाजवायचं असेल तर चार पुरतात, गळाही हलका राहतो.

वाजवण्याबद्दल मात्र इतक्या वर्षांत माझं एक मत पक्कं होत गेलं आहे. सूर कुठे धरायचा हे सगळे शिकवतात, कुठे सोडायचा हे कुणी शिकवत नाही. मोटाउनच्या असंख्य गाण्यांत वाजवणारे जेम्स जेमरसन उजव्या हाताच्या एकाच बोटाने वाजवत आणि तारा तुटेपर्यंत बदलत नसत. म्हणजे आम्ही जो मळ उकळून काढत होतो तो त्यांनी जपून ठेवला होता! शिवाय त्या काळच्या फेंडर बेसच्या ब्रिजवर धातूचं झाकण असे आणि त्याच्या आत फोमची पट्टी. सूर उमटला की लगेच विझायचा. दोन सुरांमध्ये जागा राहायची आणि त्या जागेत ड्रमचा स्नेअर लख्ख ऐकू यायचा. ब्रिजपाशी तारांखाली स्पंजचा तुकडा सरकवून हे आजही कुणालाही करून पाहता येईल. खर्च शून्य. आपल्याकडच्या केरव्याच्या गाण्यांना तर हा उपाय फारच मानवतो. ढोलकीच्या धुम्याचा घुमारा आणि बेसचा लांबलेला सूर एकमेकांत मिसळले की दोन्हींचा चिखल होतो. अशा वेळी बेसने आवरतं घ्यावं, कारण ढोलकी काही घेणार नाही.

म्हणून उभं राहायचं ते ड्रमरच्या डाव्या हाताला, हाय-हॅटच्या शेजारी. तिथून त्याचा पाय दिसतो आणि गाणं थांबताना त्याची मान दिसते. किंमत मोजावी लागते उजव्या कानाला. झांजेचा घाव थेट तिथे बसतो. आवाजाचं गणित क्रूर आहे. 85 डेसिबलला आठ तास सुरक्षित मानले, तर पुढच्या दर तीन डेसिबलला ती मुदत निम्मी होते. 100 डेसिबलला उरतात जेमतेम पंधरा मिनिटं. आमच्या वयाच्या निम्म्या वादकांच्या कानात रात्री शिट्टी वाजते. वादकांसाठीचे कानातले बोळे आता सहज मिळतात आणि ते नव्या तारांच्या आधी घ्यावेत.

मंगल कार्यालय हे बेसचं सगळ्यात मोठं दुखणं. गुळगुळीत फरशी, उघड्या भिंती, वर पत्रा. ई तारेच्या सुराच्या ध्वनिलाटेची लांबी आठ मीटरच्या वर भरते. ती लाट हॉलमध्ये आपटून परत येते, कुठे दुप्पट होते तर कुठे नाहीशी. अँप कोपऱ्यात ढकललेला असेल तर घुमारा आणखी वाढतो. वादकाला अँपशेजारी काहीच ऐकू येत नाही, तो आवाज वाढवतो आणि आठव्या रांगेतल्या आजोबांच्या छातीत धडधड सुरू होते. यावर उपाय साधा आहे. अँप कोपऱ्यातून पुढे ओढावा, खुर्चीवर ठेवून कानाच्या जवळ आणावा, खालची फ्रिक्वेन्सी कमी करून मधली वाढवावी. लांब केबल लावून एकदा वाजवत वाजवत त्या आठव्या रांगेपर्यंत जाऊन यावं. साउंडवाल्याशी वाद घालू नये. त्याला नावाने हाक मारावी, चहा द्यावा. बेस किती ऐकू येणार हे शेवटी त्याच्याच बोटावर असतं.

अँपचं ओझं तेवढं खरोखर उतरलं. 1969 च्या अँपेग एसव्हीटीचं नुसतं डोकंच चाळीस किलोच्या घरात होतं. आज त्याहून जास्त वॅट देणारा क्लास-डी अँप दप्तरात मावतो. ज्यांनी तिसऱ्या मजल्यावरच्या हॉलमध्ये जिन्याने स्पीकर चढवलेत, त्यांना याहून मोठी क्रांती सांगू नये.

शॉक मात्र अजून बसतात. मांडवातल्या जनरेटरच्या वायरिंगला अर्थिंग असेलच याचा भरवसा नाही. हातात बेसच्या तारा आणि ओठ माइकच्या जाळीला, म्हणजे आपल्या अंगातून सर्किट पूर्ण. 1972 मध्ये वेल्समधल्या स्वॉन्झीला ‘स्टोन द क्रोज’ या बँडचे गिटारवादक लेस हार्वी स्टेजवर असाच माइकला हात लागून गेले. दहा रुपयांचा टेस्टर बेसच्या पिशवीत कायम हवा आणि कोरस गाण्याआधी माइकच्या जाळीला लावून बघायला हवा. दिवा लागला तर गाऊ नये, आयोजक कितीही घाई करोत.

घाई तर असतेच, कारण दहा वाजतात. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रात्री दहानंतर ध्वनिक्षेपकावर बंदी आली. वर्षातले जास्तीत जास्त पंधरा दिवस सरकार बारापर्यंत सवलत देऊ शकतं. शांतता क्षेत्रांच्या अंमलबजावणीने धोबीतलावचं रंगभवनही गप्प झालं, जिथे 1986 पासून इंडिपेंडन्स रॉक गाजायचा आणि आमच्यातल्या कित्येकांनी पहिल्यांदा खराखुरा मोठा बेस पोटात अनुभवला होता. मला नियमाबद्दल तक्रार नाही. शेजारी कुणाचं तान्हं पोर झोपलेलं असतं. तक्रार आहे ती सत्कारांबद्दल. कार्यक्रम सातचा, पाहुणे पावणेआठला. मग दीपप्रज्वलन, प्रास्ताविक, नगरसेवकांचं मनोगत, देणगीदारांना शाल-श्रीफळ. तोवर बेसवाला चार किलोचं लाकूड गळ्यात घेऊन उभा. साडेआठला माइक हातात येतो आणि पंचवीस गाण्यांच्या यादीतली बारा गळतात. म्हणून यादी नेहमी उलटी करावी. लोकांना नाचवणारी गाणी शेवटी राखून ठेवली तर ती कधीच वाजत नाहीत. 2016 नंतर ‘झिंगाट’ची फर्माइश तर पहिल्या गाण्यापासून येते, तेव्हा ते साडेनवाच्या आत उरकावं.

दरम्यान कराओके आला. पुणे, नाशिक, नागपूर, जावं तिथे क्लब. निवृत्त मंडळी लॅपटॉपमधल्या मायनस ट्रॅकवर गातात, हॉल भाड्याने घेतात, एकमेकांना टाळ्या देतात. कीबोर्डच्या डाव्या हाताने फक्त बेसवाला घालवला होता, ट्रॅकने अख्खा बँडच घरी बसवला. त्या मंडळींना नावं ठेवावीशी वाटत नाहीत, गाण्याची इतकी हौस यापूर्वी कुठे मोकळी होत होती? पण गायक दुसऱ्या अंतऱ्याला चार मात्रा उशिरा आला की ट्रॅक पुढे निघून जातो. आम्ही थांबतो. ड्रमर मान हलवतो, मी मूळ सुरावर आणखी एक आवर्तन घेतो, गायक सापडतो आणि समोरच्याला वाटतं, तसंच बसवलेलं होतं. अशा थांबण्यामुळे गेल्या काही वर्षांत काही क्लबवालेच आम्हाला साथीला बोलवायला लागलेत. मानधनात अजूनही पेट्रोल, वडापाव आणि शाल. बेसवर टाकायला शाल उत्तम, पावसाळी हवेत तारा गंजत नाहीत.

पावसाळ्यावरून आठवलं. गणपतीच्या दिवसांतल्या दमट हवेत बेसची मान वाकते, तारा पडद्यांपासून उचलल्या जातात आणि बोटं दुखायला लागतात. ट्रस रॉडची अ‍ॅलन की पिशवीत असू द्यावी. एका वेळी पाव फेऱ्याहून जास्त फिरवू नये आणि कार्यक्रमाच्या दिवशी तर हातच लावू नये, आठवडाभर आधी काय ते करावं.

यंदा सोसायटीने आम्हाला साडेआठ ते दहा अशी वेळ दिली आहे. त्यात सत्कार धरून की वगळून, हे अजून कळलेलं नाही.