घरटं सोडून बाकी सगळं टिपा

महाराष्ट्रात ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह असतो. पहिला दिवस मारुती चितमपल्लींच्या जन्माचा, शेवटचा सलीम अलींच्या. याच सुमारास उत्तरेकडून आलेले धोबी सोसायटीच्या आवारात शेपट्या हलवत फिरू लागतात. पक्षी बघायला सुरुवात करायला भिगवण गाठलंच पाहिजे असं नाही.

आमच्या आधीची पिढी दुर्बीण आणि सलीम अलींचं १९४१ मधलं ‘द बुक ऑफ इंडियन बर्ड्‌स’ यांवर वाढली. आताची पिढी कॅमेऱ्यावर वाढते आहे. त्याला काही जुने निरीक्षक नाकं मुरडतात, ते मला पटत नाही. फक्त फोटोसोबत तारीख आणि ठिकाण हवं. ते किती मोलाचं असतं, हे रानपिंगळ्याच्या बाबतीत दिसलं. १८८४ नंतर या घुबडाची खात्रीची नोंदच नव्हती. मेनर्ट्झहॅगन या ब्रिटिश अधिकाऱ्याने १९१४ मध्ये गुजरातेत मिळवला म्हणून सांगितलेला नमुना मुळात संग्रहालयातून चोरलेला होता. त्यावरची चिठ्ठी खोटी. पक्षीशास्त्रज्ञ पामेला रासमुसेन यांनी ही लबाडी उघडी पाडली, जुन्या खऱ्या नोंदींचा माग काढला आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळ रानपिंगळा त्यांना आणि त्यांच्या सोबत्यांना दिसला.

म्हणून खिडकीतून मोबाइलवर काढलेला, तारीख असलेला बुलबुलाचा धूसर फोटोही मी जपून ठेवायला सांगतो. २०२३ च्या ‘स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्‌स’ अहवालात ९४२ जातींचा आढावा घेतला गेला, तो मुख्यतः हौशी लोकांनी ई-बर्ड या संकेतस्थळावर केलेल्या नोंदींच्या आधारे. त्यातल्या १७८ जातींची काळजी तातडीने घ्यायला हवी, असं त्यातून पुढे आलं. आणि साध्यासुध्या पक्ष्यांची संख्या घटते आहे का, हे कळायला रोजच्या अंगणातल्या नोंदी लागतातच.

तंत्राचं थोडक्यात सांगतो. ऊन कोवळं असताना, सूर्य पाठीशी ठेवून बसा. फोकस डोळ्यावर हवा. जास्वंदीवर घिरट्या घालणाऱ्या शिंजिरासाठी शटरचा वेग एक हजारांश सेकंदाहून जलद ठेवा. कुंडीजवळ उथळ पाणी ठेवलं, ते रोज बदललं, की दयाळ आपणहून येतो. मोबाइलवर आवाज वाजवून त्याला बोलावू नका; परका नर आपल्या हद्दीत घुसला असं समजून तो भांडायला येतो, आणि विणीच्या दिवसांत त्याची ताकद त्यातच खर्ची पडते.

सगळ्यात जास्त बोलायला हवं ते घरट्यांबद्दल. ई. एच. एन. लोथर, लोक वान थो यांसारखे जुने छायाचित्रकार घरट्याजवळ आडोसा करून बसत. तेव्हाच्या भिंगांना आणि फिल्मला पक्षी लांबून पकडणं जड जाई; पक्षी हमखास परत येतो अशी जागा म्हणजे घरटं. आज लांब पल्ल्याची लेन्स सहज मिळते, तेव्हा ती सबब उरलेली नाही. शिंप्याचं घरटं पाहा: पानांच्या कडांना टोचे मारून कापसाच्या, कोळिष्टकाच्या धाग्यांनी टाके घातलेले, आत मऊ कापूस. पिल्लं नीट दिसावीत म्हणून कुणी वरचं पान बांधून बाजूला घेतलं, की दुपारचं ऊन थेट आत येतं आणि कावळ्याला, भारद्वाजालाही वाट मोकळी होते. मादी चोचीत अळी धरून या फांदीवरून त्या फांदीवर जात राहिली, आत शिरेना, तर आपण फार जवळ आलो आहोत. मागे सरा, ती आत जाईपर्यंत.