आठवड्याचा तक्ता आणि एक घास कमी

दशलक्षण पर्वात दहा दिवस एकाशन केले आणि क्षमावणीनंतर वजनकाट्यावर उभा राहिलो, तर वजन घटण्याऐवजी एक किलोने वाढलेले. सौभाग्यवतींनी शांतपणे विचारले, "आपण एकदाच जेवलात हे खरे, पण काय आणि किती जेवलात?" प्रश्न साधा होता, उत्तर मात्र अवघड होते. दिवसभराचे अन्न एकाच बैठकीत, वर तुपाची धार, खिरीची वाटी आणि 'आता उद्यापर्यंत काही नाही' या धास्तीने घेतलेली एक जादा पोळी. उपवासाच्या आदल्या दिवशीची धारणा आणि नंतरचे पारणे यांचा हिशेब तर मी कधीच मांडला नव्हता.

त्याच महिन्यात रक्ततपासणी झाली. तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा, म्हणजे एचबीए१सीचा, आकडा ६.२ निघाला. ५.७ ते ६.४ हा मधुमेहाच्या उंबरठ्याचा पट्टा. उंची १६७ सेंटीमीटर आणि वजन ८४ किलो. माझ्या वडिलांची दृष्टी मधुमेहानेच गेली होती. शेवटची काही वर्षे ते देवदर्शनाला माझा हात धरून येत. त्यामुळे हा आकडा पाहून त्या रात्री मला झोप लागली नाही.

आहारतज्ज्ञ बाईंनी एकच सूत्र सांगितले : "आठवडाभर काय खाणार ते रविवारीच लिहून ठेवा. भूक लागल्यावर ठरवू नका." तक्ता आखायला बसलो आणि आई आठवली. ती रविवारी अळणी जेवत असे. सोमवारी हिरवी भाजी, मंगळवारी गोड, बुधवारी तूप, गुरुवारी दूध, शुक्रवारी दही आणि शनिवारी तेल तिला वर्ज्य असे. हा वारांचा रसत्याग म्हणजे आठवड्याचे नियोजनच होते. तत्त्वार्थसूत्राच्या नवव्या अध्यायात सांगितलेल्या सहा बाह्य तपांत अनशनानंतर लगेच अवमौदर्य, म्हणजे ऊनोदरी येते आणि पुढे रसपरित्याग. आपण मात्र अनशनाचा सोहळा करतो आणि ऊनोदरीला विसरतो. शास्त्रात पुरुषाचा पूर्ण आहार ३२ घासांचा व स्त्रीचा २८ घासांचा मानला आहे. त्यातला एक घास कमी घेतला तरी ऊनोदरी घडते.

तक्ता असा ठरला. सकाळी दर्शनानंतर मुगाचे धिरडे किंवा ज्वारीची उकड. दुपारी ताटाचा अर्धा भाग भाजी व काकडी-टोमॅटो, पाव भाग वरण किंवा उसळ आणि उरलेल्या पावात भाकरी किंवा भात. सूर्यास्तापूर्वी मुगाचे कढण किंवा दुधी-दोडक्याची भाजी आणि एक भाकरी. द्विदल टाळण्यासाठी उसळीच्या जेवणात ताक घ्यायचे नाही. अष्टमी-चतुर्दशीला हिरवी भाजी नसते. मग ताटात पापड, शेव आणि तळण शिरते. म्हणून त्या दिवसांसाठी मूग, चवळी, मटकी आधीच लिहून ठेवली.

आता थोडे गणित. पोह्यांच्या चमच्याने एक चमचा तेल म्हणजे सुमारे १२० किलोकॅलरी. मूठभर, म्हणजे ३० ग्रॅम, शेंगदाणे सुमारे १७०. शरीरातील एक किलो चरबी म्हणजे सुमारे ७,७०० किलोकॅलरी. रोज ३०० किलोकॅलरी कमी घेतल्या, तर एक किलो उतरायला साधारण पंचवीस दिवस लागतात. आठवड्यात तीन किलो उतरवण्याचे आश्वासन देणाऱ्यांना हे गणित अवश्य विचारावे.

खरी अडचण आली ती ताटात काही टाकायचे नाही या संस्काराची. ताट धुऊन पिण्याची आपली रीत उत्तम आहे. पण तिच्या नावाखाली नको असलेला घासही पोटात जातो. विशेषतः घरातील स्त्रिया पातेल्यात उरलेले 'वाया जाऊ नये' म्हणून संपवतात. सौभाग्यवतींचे वजन कशाने वाढले, हे मला इतक्या वर्षांनी उमगले. आता आम्ही शिजवतानाच मोजून शिजवतो आणि दोघेही एका वेळी जेवायला बसतो. संयम वाढून घेताना करायचा असतो. वाढून झाल्यावर उशीर झालेला असतो.

सहा महिन्यांत वजन ७७ किलोवर आले, एचबीए१सी ५.८ झाले. मधल्या काळात दोन लग्नांत तक्ता मोडला. दुसऱ्या दिवशी उपवासाने भरपाई न करता तक्ताच पुन्हा सुरू केला. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय एकाशन वा उपवास करू नये. साखर एकाएकी खाली जाऊ शकते.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. वजनासाठी केलेल्या या नियमाला मी तप म्हणत नाही. तप कर्मनिर्जरेसाठी असते. काट्याकडे पाहत केलेला त्याग हा आरोग्याचा उपाय, ही दोन खाती वेगळीच ठेवावीत. तरीही या तक्त्याने मला एक दिले : भूक आणि आसक्ती यांतला फरक मला आता ताटावर बसल्या बसल्या कळतो. येत्या पर्वात एकाशन करीन, तेव्हा सौभाग्यवतींच्या त्या प्रश्नाचे उत्तर माझ्यापाशी असेल.