एक मोटार, पाच कामं

कॅलिफोर्नियातल्या विल्यम ग्रीनमन यांना 1955 च्या नाताळात पत्नीनं एक यंत्र भेट दिलं. नाव शॉपस्मिथ. करवत, ड्रिल आणि लेथ, सगळं एकाच मोटारीवर चालणारं. दुकानातलं प्रात्यक्षिक पाहून आणि माहितीपत्रक वाचून ते ग्रीनमन यांच्या मनात भरलं होतं. 1957 मध्ये त्यांनी लेथसाठी लागणारे जादा भाग घेतले आणि लाकडाच्या एका मोठ्या ठोकळ्यातून चषक कातायला सुरुवात केली. त्या ठोकळ्यावर आधी काही वेळा काम विनासायास झालं होतं. मग एकदा तो चालू यंत्रातून सुटला आणि त्यांच्या कपाळावर बसला.

त्यांनी उत्पादकावर भरलेला खटला कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. तज्ज्ञांनी साक्ष दिली की भाग जागेवर धरणारे सेट-स्क्रू अपुरे होते. यंत्राच्या नेहमीच्या थरथरीनं टेलस्टॉक, म्हणजे लेथवर लाकडाचं दुसरं टोक धरणारा भाग, मागे सरकत होता आणि लाकडावरची पकड ढिली पडत होती. भाग पक्के धरण्याचे याहून चांगले मार्ग उपलब्ध होते, असंही त्यांनी सांगितलं. 1963 मध्ये न्यायमूर्ती रॉजर ट्रेनर यांनी निकाल लिहिला. सदोष वस्तू बाजारात आणली आणि तिच्यामुळे माणसाला इजा झाली, तर उत्पादकाचा निष्काळजीपणा वेगळा सिद्ध करण्याची गरज नाही, हे त्याचं सार. 65,000 डॉलरची भरपाई कायम राहिली. अमेरिकेत कायदा शिकणारे अनेक विद्यार्थी आज हा निकाल वाचतात. आपल्याकडे 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात उत्पादकाच्या दायित्वावर स्वतंत्र प्रकरण आलं, त्यामागच्या विचाराची वाटही इथूनच जाते.

बाबांचं शॉपस्मिथ माझ्याकडे आलं तेव्हा मी हा निकाल मुळातून वाचला. जुन्या यंत्रावर पैसा आणि श्रम कुठे घालायचे याचा क्रम माझ्यापुरता त्यानं ठरवून टाकला. इजा टाळणारे आणि धरून ठेवणारे भाग आधी, फिरवणारे नंतर.

बाबा सत्तरच्या दशकात नोकरीसाठी ओहायोत आले. हे यंत्र त्यांनी जुनंच विकत घेतलं होतं. हिरव्या रंगाचं, मार्क 5 या मॉडेलच्या पहिल्या काळातलं. मूळ कल्पना हान्स गोल्डश्मिट यांची. जर्मनीतून कॅलिफोर्नियात आलेल्या या माणसानं घरच्या छोट्या गॅरेजचा नेमका विचार केला. दुसरं महायुद्ध संपलं होतं, नवी घरं उठत होती आणि हौशी सुताराला पाच वेगळी यंत्रं परवडणारी नव्हती, मावणारीही नव्हती. सुरुवातीचं 10ईआर हे मॉडेल 1940 च्या दशकाच्या अखेरीस माँटगोमेरी वॉर्डच्या दुकानांतून विकलं गेलं. त्यात मोटार आणि पट्टा उघड्यावर असत. मार्क 5 मध्ये दोन्ही हेडस्टॉकच्या, म्हणजे दांडा फिरवणाऱ्या पेटीच्या, पोटात गेले. पुढे मालकी बदलत गेली आणि उत्पादनही थांबलं. 1972 मध्ये जॉन फोकर्थ यांनी ते ओहायोत, डेटन परिसरात, पुन्हा उभं केलं. कंपनीची माणसं मॉलमध्ये लाकूड कापून दाखवत आणि गर्दी खेचत.

रचना पाहिली की गोल्डश्मिट यांच्याविषयीचा आदर वाढतो. दोन समांतर पोलादी नळ्या, त्यांवर सरकणारा हेडस्टॉक, त्यातून बाहेर येणारा 5/8 इंच जाडीचा एकच दांडा. त्यावर 10 इंची ब्लेड बसवलं की करवत झाली. 12 इंची चकती लावली की सँडर. समोर टेलस्टॉक आणला की 34 इंच लांबीचं लाकूड कातणारा लेथ. नळ्या एका टोकावर उभ्या केल्या की ड्रिल आणि आडव्या ठेवूनच भोक पाडलं तर आडवं ड्रिल. ते आडवं ड्रिल मला सगळ्यांत प्रिय आहे. लांब फळीच्या कडेत डॉवेलची, म्हणजे लाकडी खुंट्यांची, भोकं इतकी सरळ पाडणारं साधन घरगुती कारखान्यात सहसा सापडत नाही.

किंमत मोजावी लागते ती वेळेत. करवतीवरून लेथकडे जायचं तर टेबल काढा, ब्लेड काढा, सगळं पुन्हा जुळवा. म्हणून आधी सगळी कापणी, मग सगळी भोकं, मग घासणी अशी आखणी करावी लागते. बाबांच्या वहीत प्रत्येक फर्निचरची अशी यादी आहे.

टेबल ब्लेडला समांतर आहे की नाही, ही तपासणी सर्वांत महत्त्वाची. प्लग काढायचा. ब्लेडच्या एका दात्यावर पेन्सिलीची खूण करायची. तो दाता पुढे आणून टेबलावरच्या खाचेपासूनचं अंतर गुण्यानं घ्यायचं. मग ब्लेड हातानं फिरवून तोच दाता मागे न्यायचा आणि अंतर पुन्हा घ्यायचं. वेगळा दाता चालत नाही, कारण ब्लेड किंचित वाकडं असू शकतं. फरक निघाला तर टेबलाखालचे बोल्ट सैल करून टेबल केसभर वळवायचं. बोल्ट आवळताना टेबल पुन्हा सरकतं, म्हणून मोजणी आवळल्यानंतरचीच खरी. ब्लेडची मागची बाजू फेन्सकडे, म्हणजे लाकूड सरळ नेणाऱ्या आधारपट्टीकडे, झुकली असेल तर लाकूड दोन्हींमध्ये चेपतं आणि उलटं अंगावर येतं.

बदलांची सुरुवात मी वायरपासून केली. दोन पिनांची कडक झालेली वायर काढून अर्थिंगवाली तीन तारांची घातली. मग करवतीवरचं गार्ड आणि त्यामागची कापलेल्या फटीत राहणारी पट्टी. जुन्या यंत्रांबरोबर हे दोन्ही बहुधा येतच नाहीत आणि त्यांच्याशिवाय करवत चालवणं मला मान्य नाही. त्यानंतर क्विल, म्हणजे दांडा धरून पुढे-मागे सरकणारी नळी. जुन्यात एकच बेअरिंग असे, नंतरच्यांत दोन. दोन बेअरिंगचा क्विल जुन्या हेडस्टॉकमध्ये बसतो आणि दांड्याचा झोल कमी होतो. बाकी नळ्यांवरचा गंज घासून मेण लावणं आणि पुल्यांना तेलाचा थेंब देणं, एवढंच. एक पथ्य मात्र कडक आहे. वेगाची चकती यंत्र चालू असतानाच फिरवायची. पट्टा फिरत नसताना ती दामटली तर पुल्यांची यंत्रणा मोडू शकते.

नव्या मोटारीचा मोह मोठा आहे. जुना हेडस्टॉक मिनिटाला सुमारे 700 फेऱ्यांच्या खाली येत नाही आणि वेड्यावाकड्या मोठ्या ठोकळ्याला तो वेग फार होतो. 2010 च्या सुमारास आलेला इलेक्ट्रॉनिक पॉवरप्रो हेडस्टॉक 250 पासून 10,000 पर्यंत जातो. मी तो घेतलेला नाही. 250 फेऱ्या मला हव्या आहेत, पण मोठे ठोकळे मी कातत नाही. वाट्या आणि पोळपाटाचे पाय यांना जुना वेग पुरतो.

पुण्याहून दादा विचारतो, कंटेनरमधून इकडे पाठव ना. व्होल्टेजचा प्रश्न ट्रान्सफॉर्मरनं सुटेल, पण त्यानं फ्रीक्वेन्सी बदलत नाही. अमेरिकेतल्या 60 हर्ट्झसाठी बांधलेली ही मोटार भारतातल्या 50 वर एक षष्ठांशानं मंद फिरेल आणि जास्त तापेल. मोटारच बदलायची तर तिथे 50 हर्ट्झची, त्याच मापाच्या दांड्याची आणि त्याच बैठकीची शोधावी लागेल. दादाला मी मापं काढून पाठवली आहेत. तो भोसरीत एका मोटार-वाइंडिंगवाल्याला दाखवणार आहे.